साडेपाच परगण्यांचं आंदण

खिशातली शेंगाचटणीची पुडी आधी बाहेर काढून ठेवा. आपण निघालोय तिथं शेंगदाणा अजून पोचलेला नाही, मिरचीही नाही. बटाटा, टोमॅटो, मका, चहा यांची नावंसुद्धा काढू नका. ऊन लागलं म्हणून लोक तुम्हाला कांदा हुंगायला देतील. चष्मा काढा, घड्याळ काढा. पायताण मात्र राहू द्या, कारण सोलापूरची काळी जमीन पाचशे वर्षांपूर्वीही अशीच भाजायची. डोक्याला टॉवेल गुंडाळा, लांबून मुंडासं वाटेल. आता भुईकोटाच्या दरवाजातून आत शिरा, बागेतल्या सावलीत बसलेल्या मंडळींकडे पाठ करा आणि त्याच दरवाजातून पुन्हा बाहेर या.

रिक्षा नाहीत. हॉर्न नाहीत. पण शांतता आहे असं समजू नका. समोरच्या माळावर नजर जाईल तिथवर तंबू, राहुट्या आणि कनाती लागल्यात, आणि त्यांच्यामधून उंट, बैल, घोडी, माणसं सगळं एकाच वेळी ओरडतंय. हत्तीच्या लिदीचा आंबूस वास, त्यावर तापलेल्या तुपाचा, त्यावर घामेजलेल्या चामड्याचा. धूळ इतकी की जीभ दातांवरून फिरवली तर कचकच वाजते. कुणी फारसीत हुकूम सोडतंय, कुणी कानडीत बैलाला शिव्या घालतंय, दखनीत सौदा चाललाय आणि मराठीत त्या सौद्यावर कुरकुर. साल 1524. महिना विचारू नका. सोलापुरात ऊन धरून चाललं की चूक होत नाही.

तुम्ही तोंड उघडून बघत उभे राहता आणि तिथंच फसता. छावणीत रिकामे हात कुणाला बघवत नाहीत.

"काय बघताय पाव्हणं? धरा की दावं."

विशीतला एक पोरगा तुमच्या हातात रेड्याचं दावं देतो. रेड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना फुगलेली चामड्याची पखाल, तिच्या शिवणीतून थेंबथेंब पाणी गळतंय. हा पखाली. आजपासून तुम्ही त्याचे गडी. मजुरी विचारायची नाही, दोन वेळची भाकरी मिळेल.

सिद्धेश्वराच्या तळ्यावर पखाली आणि भिस्ती यांची रांग लागलीय. सोलापूरकराला पाण्यासाठी थांबायची सवय असते, तेव्हा तुम्ही फार वैतागणार नाही अशी माझी समजूत. पखाल भरायची म्हणजे गुडघाभर पाण्यात उभं राहून तिचं तोंड धरायचं. ती फुगत जाते तसा ओल्या चामड्याचा, तेलाचा आणि शेवाळाचा वास नाकात बसतो आणि संध्याकाळपर्यंत हलत नाही. पाय गार, डोकं तापलेलं. भरलेला रेडा उताराला लागला की तुम्ही त्याला नेत नसता, तोच तुम्हाला नेतो.

पहिली खेप मुदपाकखान्याला. तिकडं मोठमोठ्या देगी चुलवणांवर चढल्यात, बकऱ्यांची कातडी एका बाजूला ढिगानं पडलीत, माश्यांचा तर काळा पडदाच. केशराचा वास येतो आणि पोटात कालवतं, पण ती देग तुमच्यासाठी नाही. तुमच्या वाट्याला ज्वारीची भाकरी, कांदा, कारळ्याची चटणी. चटणीत मिरे हवेत तर सरदार व्हावं लागेल. सध्या लसणावर भागवा.

दुसरी खेप घेऊन जाताना लाल टोप्या दिसतात. बारा कोनांच्या, शेंदरासारख्या लालभडक. ही विजापूरच्या इस्माइल आदिलशहाची माणसं. बारा इमामांच्या नावानं बारा कोन. शिया पंथ मिरवायची त्याची ही तऱ्हा. पलीकडच्या छावणीत नगरच्या बुऱ्हाण निजामशहाची माणसं. दोन्ही राजे विशी-पंचविशीतले. दोन्हीकडचे घोडे एकाच तळ्यावर पाणी पितात आणि दोन्हीकडचे मोतद्दार एकमेकांकडे बघून थुंकतात. म्हणजे युद्ध आहे का?

"छ्या," पखाली म्हणतो. "लगीन हाय."

नवरी इस्माइलची बहीण, मरियम. नवरा बुऱ्हाण. दोघांचे ठावठिकाणे नीट ऐका, म्हणजे दरबारी फारसीच्या खाली काय दडलंय ते कळेल. मरियमची आई बुबूजी खानम ही मुकुंदराव नावाच्या मराठ्याच्या घरातली. ती साधीसुधी बाई नव्हे; विजापुरात कारभाऱ्यानं गादी गिळायचा घाट घातला तेव्हा चिलखत चढवून महालाच्या गच्चीवर धनुष्य घेऊन उभी राहिली होती. आणि नवऱ्याच्या मूळ पुरुषाचं गाव पाथरी. पणजोबांचं नाव बहिरव, आजोबा जन्मानं तिमाभट. एकूण काय, हत्ती-घोडे आणि इराणी वकील बाजूला केले तर हे सोयरेपण तुमच्या-आमच्या ओळखीच्याच मुलखातलं. आणि आपल्याकडच्या लग्नात भांडण कशावरून होतं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

तिसऱ्या खेपेला रेडा लिंबाखाली बसकण मारतो आणि उठायचं नाव घेत नाही. सावलीत एक कुलकर्णी दप्तर मांडून बसलाय. बोरू कानावर, बोटं शाईनं काळी, गुडघ्यावर कागद. त्याला पाणी द्या. पाणी प्यालेला कुलकर्णी बोलतो.

"आंदण ठरलंय," तो इकडं तिकडं बघून सांगतो. "सोलापूरचा किल्ला आणि साडेपाच परगणे."

साडेपाच? अर्धा परगणा कसा असतो? अर्धं गाव, अर्धी विहीर, अर्धा पाटील? तुम्ही हसता. कुलकर्णी हसत नाही.

"अकराला दोनानं भागा," तो म्हणतो.

गोष्ट अशी. बहामनी राज्य मोडत होतं तेव्हा हा मुलूख दोन भावांच्या हातात होता. थोरली पाती परांड्याच्या ख्वाजा जहानची, दुसरी सोलापूरच्या झैनखानाची. परगणे एकूण अकरा. भाऊबंदकी तुम्ही पाहिली असेल, तेव्हा पुढचं ओळखा. अकराची वाटणी साडेपाच-साडेपाच झाली. परांड्याचा भाऊ नगरकडे झुकलेला. सोलापूरच्या भावावर 1511 मध्ये विजापूरचा कारभारी कमालखान चालून आला. तीन महिने वेढा. झैनखान नगरच्या मदतीकडे डोळे लावून बसला, मदत आली नाही, किल्ला गेला. ज्या कमालखानानं सोलापूर विजापूरला मिळवून दिलं, तोच पुढे गादी गिळायला निघाला आणि त्याच्याच माणसांवर बुबूजी खानमनं बाण सोडले. पण ते राहू द्या. मुद्दा असा की तेव्हापासून नगरला वाटतं, साडेपाच परगणे आमच्या भावकीचे. आणि विजापूरला वाटतं, तलवारीनं घेतले ते आमचे. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं. ज्या भांडणात दोघंही खरे असतात ते लवकर मिटत नाही.

"मग विजापूर आता सोडतं कसं?"

कुलकर्णी दक्षिणेकडे बोट दाखवतो. चार वर्षांपूर्वी रायचूरला विजयनगरच्या कृष्णदेवरायानं इस्माइलचा सपशेल पराभव केला. ते उट्टं काढायचं तर पाठीमागचा शेजारी गप्प बसायला हवा. म्हणून बेळगावच्या असदखानानं सोयरिकीचा सल्ला दिला, नगरकडून शाह ताहिर हा विद्वान मध्ये पडला, आणि बोलणी रंगात आली तेव्हा असदखान आंदणाचा शब्द देऊन बसला. शब्द मालकानं दिला नव्हता, वकिलानं दिला होता. हे वाक्य मनात ठेवा.

कुलकर्णी आता पातळ आवाजात विचारतो, "पुढच्या सालचा सारा मी कुणाच्या नावानं मांडू?"

तुम्हाला उत्तर माहीत आहे, पण सांगू नका. सांगून त्याची शाई वाचणार नाही.

रात्री लग्न. नौबत झडते ती कानात कमी आणि छातीत जास्त वाजते. मशालींच्या करडई तेलाचा धूर डोळ्यांत जातो. मेण्याभोवती खोजे, पुढे भालदार, आणि गर्दी अशी की तुमचे पाय जमिनीला लागत नाहीत. लोकच तुम्हाला पुढे नेतात. मेणा जवळून जातो. पडद्याच्या झालरीतून अत्तराचा एक थंड झोत येतो आणि गेलाही. आत बसलेल्या मुलीला, आपल्यासोबत साडेपाच परगणे चाललेत हे कुणी सांगितलं असेल का, असा विचार तुमच्या मनात येतो. तेवढ्यात कुणीतरी तुमच्या पायावर पाय देतं.

या गावाला लग्नाची सवय आहे खरी. सिद्धरामेश्वरांची कथा इथल्या पोरासोरांना पाठ: कुंभाराच्या मुलीनं लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा सिद्धरामांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत आपण अक्षता टाकतो त्या त्याच लग्नाच्या. त्यात आंदण नाही, देणंघेणं नाही, मानपानही काठ्यांचा. हे दुसरं लग्न मात्र गावाला महागात पडणार आहे.

त्याची चुणूक सकाळीच मिळते. एक कुणबी छावणीच्या कडेला डोकं धरून बसलाय. त्याच्या कडब्याची गंज रात्रीत नाहीशी झाली.

"कुणी नेली?"

"हत्तीनं."

"कुणाच्या?"

तो तुमच्याकडे असं बघतो की तुम्हाला स्वतःच्या प्रश्नाची लाज वाटावी. हत्तीच्या सोंडेवर राजाचं नाव लिहिलेलं नसतं. त्या गंजीवर त्याची दोन बैलं पावसापर्यंत निघणार होती. सांत्वन म्हणून पखाली त्याला ओंजळभर पाणी देतो. दुसरं देण्यासारखं त्याच्याकडे काय असणार?

तो कुणबी बसलाय ती जमीन चिमटीत घ्या. काळी, भुसभुशीत, बोटांना चिकटणारी. पावसाळ्याचं पाणी पोटात धरून ठेवते आणि हिवाळ्यात दवावर शाळू पिकवते. दक्षिणेला भीमा, पश्चिमेच्या अंगानं सीना, आणि नगरहून विजापूरला जायचं तर वाट याच टापूतून. फौज पोसायला धान्य, जनावरांना कडबा, मुक्कामाला तळं, रात्रीला तट. माझं विचाराल तर दोन राजांच्या भांडणाचं कारण त्या चिमटीत सापडतं. बाकी लाल टोप्या वगैरे कारणांवर माझा फारसा विश्वास नाही. का नाही, ते पुढे सांगतो. आधी दावं नीट धरा, कारण एक वर्ष उडी मारायची आहे.

1525. तोच माळ, पण तंबूंची कापडं मळकी आणि कुणी गात नाही. नगरवाल्यांनी किल्ला मागितला. इस्माइल म्हणाला, असा शब्द मी दिल्याचं मला ठाऊक नाही. असदखान काय बोलला ते असदखान जाणे. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय. वर विजापूरची उलटी तक्रार: आमच्या बहिणीला नगरच्या महालात बुऱ्हाणच्या आधीच्या बायकोच्या, आमिनाच्या, खालचा मान मिळतो. दोन घरांतला निरोप कडवट होत गेला आणि बुऱ्हाण फौज घेऊन मेहुण्यावर निघाला. सोबत बीदरचा अमीर बरीद आणि वऱ्हाडचा अल्लाउद्दीन इमादशहा. या इमादशहालाही पुढे इस्माइलचीच दुसरी बहीण दिली गेली. असे हे सोयरे.

लढाई तुम्हाला दिसणार नाही. लढाई कुणालाच दिसत नाही. दिसतो तो धुळीचा भगवा डोंगर आणि त्याच्या आतून येणारा आवाज, जणू कुणी हजार पितळी भांडी दगडावरून घासत नेतंय. तोफ उडाली की आधी पायाखालची जमीन हलते, मग आवाज येतो, मग जळक्या दारूचा सडक्या अंड्यासारखा वास. तुम्ही आणि पखाली फौजेच्या मागच्या कडेला. रेड्याच्या तोंडाला फेस. पखालीत पाणी कोमट, चामड्याच्या चवीचं. माणसं येतात, पखालीच्या तोंडाला तोंड लावतात, अर्धं पाणी अंगावर सांडतात, परत जातात. काही परत येतात. चिलखताला बोट लावू नका, फोड येईल.

दुपार चढते आणि एक पालखी धावत मागे येते. भोयांच्या अंगावरून घाम निथळतोय, बाजूचे स्वार पाणी पाणी करतायत. आत बुऱ्हाण निजामशहा. जखम नाही. ऊन लागून, तहानेनं कासावीस होऊन त्याची घोड्यावरच शुद्ध हरपली आणि त्याला पालखीत घालून रणातून काढला, असं फिरिश्ता या विजापूरच्या दरबारी इतिहासकाराच्या बखरीतून कळतं. मला हा प्रसंग फार आवडतो. विजापूरच्या घोडदळानं जेवढं केलं, तेवढंच सोलापूरच्या उन्हानंही केलं. ज्या जमिनीसाठी आला तिनंच त्याला झोपवलं.

पखाली तुमच्याकडे बघून हळूच म्हणतो, "रोग रेड्याला नि औषध पखालीला." म्हण जुनीच, पण आज तिचे दोन्ही मानकरी समोर हजर आहेत. रेडा कान हलवतो.

आता जरा भरभर चला, कारण पुढची चाळीस वर्षं सगळी याच चालीची आहेत. कुलकर्ण्याचं दप्तर उघडा आणि पानं उलटा. बुऱ्हाण 1543 च्या सुमारास पुन्हा येतो, साडेपाच परगणे घेतो. पुढे ते विजापूर परत मिळवतं. मग बुऱ्हाण विजयनगरच्या रामरायाशी हातमिळवणी करतो. रामराया रायचूर-मुदगल घेतो आणि सोलापूर नगरच्या पदरात पडतं. प्रत्येक वेळी त्याच शेतांवरचं, त्याच विहिरींवरचं एक नाव खोडून दुसरं. कागद एका जागी इतका खरवडला गेलाय की आरपार दिसतं. वेढ्याच्या सालात वेशीबाहेरची बाभळीची झाडं सरपणाला जातात, मग सावलीच नाही. बायका रात्री दळतात, कारण दिवसा जात्याची घरघर ऐकून शिपाई पिठाच्या वासावर येतात. बियाणं चुलीच्या मागे भिंतीत लिंपून ठेवतात. तुम्ही एखाद्या घरात पाणी मागा, आधी दाराच्या फटीतून विचारतील, "कुठल्या बाजूचं?" बाजू सांगितल्यावर पाणी मिळेलच असं नाही.

आणि टोप्यांचं सांगायचं राहिलं. 1537 च्या आसपास शाह ताहिरच्या नादानं बुऱ्हाण निजामशहा शिया झाला. इकडे विजापुरात इस्माइलचा मुलगा इब्राहिम गादीवर आल्या आल्या सुन्नी झाला आणि लाल टोप्या उतरवल्या. म्हणजे दोन्ही घरांनी पंथांची अदलाबदल केली! सोलापूरवरची लढाई मात्र एका दिवसासाठीही थांबली नाही. पुस्तकांतून पंथाचा वाद मोठ्या अक्षरात छापतात. छापोत. लिंबाखालच्या कुलकर्ण्याला अकरा भागिले दोन एवढंच हवं होतं.

शेवटची उडी. 1564. तुम्ही दमलात, पण इथं थांबण्यासारखं आहे.

किल्ल्याच्या तटावर तेच घारींचं घिरट्या घालणं. तळ्याच्या पायरीवर एक म्हातारा बसलाय. साठीचा, पाठीला कायमचा बाक, खांद्यावर चामड्याच्या पट्ट्यानं उमटलेला काळा वळ. रेडा नाही. ओळखलंत?

"बसा," तो म्हणतो. "लगीन हाय."

परत? परत. चाळीस वर्षांनी. या खेपेला नवरी नगरची आणि नवरा विजापूरचा. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी, अली आदिलशहाला दिली. साटंलोटं आहे, अलीची बहीण नगरच्या युवराजाला. मधल्या काळात अलीनं सोलापूर आणि कल्याणी हे किल्ले परत मागितले, हुसेननं नाकारले, म्हणून अली रामरायाला घेऊन नगरवर गेला. नगरचा मुलूख असा जळाला की रामरायाचा दरारा दोघांनाही जाचायला लागला. एकमेकांशी भांडत राहिलो तर दक्षिणेकडचा मोठा होत जातो, हे गणित शेवटी दोन्ही घरांना उमजलं. मग सोयरीक. आणि सोयरिकीत आंदण काय?

"आमीच," म्हातारा म्हणतो आणि दात नसलेल्या तोंडानं खदखदून हसतो. "सोलापूरचा किल्ला."

जे आंदण विजापूरनं नगरला द्यायचं कबूल करून दिलं नाही, तेच नगरनं विजापूरला दिलं. या वेळी खरोखर दिलं. दोन घरांमधली वाटणीची गाठ सुटली, आणि सुटल्याबरोबर दोन्ही फौजा, गोवळकोंडा आणि बीदरला सोबत घेऊन, एका दिशेला वळल्या. ऐका. माळाकडून तो आवाज येतोय, लाकडी चाकांचा आणि वंजाऱ्यांच्या बैलांच्या घंटांचा. धान्य दक्षिणेला चाललंय. तोफा ओढणाऱ्या बैलांच्या जोड्या मोजायला लागाल तर गोंधळाल. काही आठवड्यांनी, 23 जानेवारी 1565 ला, कृष्णेकाठी राक्षसतंगडीला जे होईल त्यात रामराया मारला जाईल, विजयनगर ओस पडेल. शाळेत तुम्ही ते तालिकोट म्हणून पाठ केलंय. इथं तळ्याच्या पायरीवर मात्र ती फक्त रस्त्यावरची धूळ आहे, आणि गावातली तरणी पोरं बिगारीला धरून नेल्यामुळे आलेली शांतता. म्हाताऱ्याचा नातूही गेलाय. पखाल घेऊन.

ऊन कलतंय. म्हातारा फडक्यातून भाकरी काढतो, अर्धी तुम्हाला देतो. कोरडीच. आणि मला माहीत आहे, तुम्ही माझं ऐकलेलं नाही. पुडी खिशातच आहे. काढा आता. चिमूटभर घाला त्याच्या भाकरीवर.

तो हुंगतो. लाल रंगाकडे संशयानं बघतो, लाल रंगाचा त्याचा अनुभव बरा नाही. मग घास घेतो. क्षणभर काही होत नाही. मग कान लाल, डोळ्यांतून धार, आणि जन्मभर दुसऱ्यांना पाणी पाजलेला तो माणूस दोन्ही ओंजळींनी तळ्यातलं पाणी पीत सुटतो.

श्वास लागल्यावर तो पुडीकडे बोट दाखवतो. "कुठल्या मुलखाचं व्हं हे?"

"इथलंच," तुम्ही सांगता.

तो पुन्हा हात पुढे करतो.